बाबांच्या बाजूची ब्लूबेरी

३ सप्टेंबर

पुन्हा थुंकली! ओट्स रात्रभर दुधात भिजवले, केळं कुस्करून घातलं, फडक्यातून गाळलं — आणि सेराइनाने तोंड असं घट्ट मिटलं, जसं काही आई विषच भरवतेय. दहा महिन्यांची झाली पोर. दिवस भरायच्या आधी जन्मली, तेव्हापासून नाकातल्या नळीनेच पोट भरतं. तोंड खाण्यासाठी असतं हेच तिला ठाऊक नाही.

चूर शहरातल्या इस्पितळाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत बघू. नाहीतर थेट पोटात नळी बसवावी लागेल." परतताना घाटात गाडी थांबवून रडून घेतलं.

४ सप्टेंबर

नाशपाती. थुंकली.

८ सप्टेंबर

नवरा म्हणतो, "तिला एकटीला कोपऱ्यात काय भरवतेस? आपल्यात बसव." म्हटलं, याखेन, तुझ्या बाबांच्या टेबलाशी? तिथे मीच अजून जीव मुठीत धरून खाते!

गावात आता कुणी पाळत नाही, पण बाबांनी रीत सोडलेली नाही. सकाळी मधोमध एकच मोठा लाकडी वाडगा. रात्री भिजवलेले ओट्स, वर सालासकट किसलेलं सफरचंद, रानातून आणलेली फळं. वेगळ्या वाट्या नाहीत. ज्याचा त्याचा चमचा, ज्याची त्याची बाजू. दुसऱ्याच्या बाजूला चमचा वळला की बाबांचा चमचा बोटांवर बसलाच. लग्नानंतर पहिल्याच सकाळी मला बसला होता. "सूनबाई, ब्लूबेरी तुमच्याही बाजूला आहे."

११ सप्टेंबर

बसवली मांडीवर. खाल्लं काही नाही. पण बाबांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती! बाबा हल्ली एकेक घास किती वेळ चघळतात. वय झालं. ते चघळत होते आणि हिचे ओठ आपोआप हलत होते. मी चमचा हातात धरून बघतच राहिले.

१२ सप्टेंबर

आजही तसंच. गाळलेलं मात्र थुंकली.

१५ सप्टेंबर

आजचं लिहायलाच हवं.

सेराइनाने हात घातला. वाडग्यात. बाबांच्या बाजूला! मूठभर ओट्स आणि त्यात एक फुटलेली ब्लूबेरी. बाबांचा चमचा वर गेला. तेवढ्यात तिने मूठ तोंडात कोंबली. तोंड वाकडं केलं. चघळलं. आणि गिळलं. तो इवलासा गळा हलताना मी पाहिला. मूल जन्माला आलं तेव्हाही मी एवढी थक्क झाले नव्हते. तेव्हा मला भूल दिलेली होती.

बाबांनी चमचा हळूच खाली ठेवला.

"ही बाजू तिची," म्हणाले.

मग चमच्याच्या पाठीने एकेक ब्लूबेरी चिरडून तिच्यापुढे सरकवत बसले. मी विचारलं, "आणि तुम्ही काय खाणार, बाबा?"

"झालं माझं."

१९ सप्टेंबर

आलुबुखार खाल्लं! हेझलनटची पूड घातलेले ओट्स खाल्ले! गाळायचं फडकं मी चुलीत टाकलं. बाबा एक घास तोंडात घालतात, ही एक घालते. त्यांनी गाल फुगवले की हिचे फुगलेच. रोज बघते आणि रोज अंगावर काटा येतो. जे एवढ्या शिकलेल्या माणसांना जमलं नाही ते या दोघांनी न बोलता जमवलं.

याखेन म्हणाला, "बाबा, माझ्या बोटांवर इतकी वर्षं चमचे बसले, त्याचं काय?"

"तू खादाड होतास. ही पाहुणी आहे."

बाबांची विजार घसरते हल्ली. नातीमागे लागून स्वतःचं जेवण विसरतात, असं मी चिडवलं. विजार वर ओढत हसले.

२४ सप्टेंबर

वजन वाढलं! डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "सोमवारी आणा. नळीच काढून टाकू." मी दोनदा वदवून घेतलं.

२९ सप्टेंबर, रविवार

धुवायला काढलेल्या बाबांच्या विजारीत रुमाल सापडले. दोन्ही खिशांत. वाळून कडक झालेले. ओट्स, ब्लूबेरीच्या साली — सगळं चघळलेलं, काहीच न गिळलेलं.

बाबा बाहेर बाकावर होते. रुमाल त्यांच्यापुढे धरले.

"उन्हाळ्यापासून घशाखाली उतरत नाही," म्हणाले. "दूध जातं. सूप जातं."

"मग बोलला का नाहीत?"

"तिला खाणारं तोंड दिसायला नको?"

याखेनला अजून सांगितलेलं नाही. उद्या चूरला डॉक्टरांकडे जाताना गाडीत सेराइनाच्या शेजारी बाबांनाही बसवायचं आहे.