चंद्र माझ्या हातात होता

हैद्राबाद,
८ फेब्रुवारी १९४६

प्रिय महानंदाक्का,

हे तुझं नेहमीचंच झालं बघ. मी दोन-दोन पानं लिहायची, आणि तू एका कार्डावर 'नको म्हणजे नको, नीलूला मी हैद्राबादला आणणार न्हाई' एवढं लिहून मोकळं व्हायचं. वर टोमणा, की चौथीतून पळालेल्यानं कालेजात झाडू मारला म्हणून त्याला डॉक्टरकी येत न्हाई. खरं आहे, न्हाई येत. पण मला चौथीपर्यंत तरी ढकललं कुणी? झरीला आपल्या दुकानात शेंगांच्या पोत्यावर बसवून पाटीवर अक्षरं गिरवून घेतली कुणी? तूच ना? तेव्हा माझ्या अडाणीपणात अर्धा वाटा तुझा, हे आधी कबूल कर आणि मग पुढं वाच. मधेच ठेवून चुलीकडं पळू नकोस. दूध उतू गेलं तर जाऊ दे, सासूबाईंचं बोलणं मी इथून ऐकून घेतो.

जिंतूरच्या जिनिंगात माझे पाय टिकले न्हाईत, परभणीच्या स्टेशनावर टिकले न्हाईत, तर मग इथं बाटल्या धूत कसा राहिलास, असं तू मागं विचारलं होतंस. तेव्हा मी थट्टेवारी नेलं. आता सांगतो. मला इथं धरून ठेवलंय ते बुधवारच्या एका तासानं. इथं सायन्सवाली पोरं वेगळी आणि आर्ट्सवाली वेगळी. आर्ट्सवाले पुढं वकील व्हायचे, तहसीलदार व्हायचे, कुणी नुसतेच शायर. त्यांना सायन्स नको असतं. पण कालेजानं ठरवलंय की पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्याला निदान पाणी का उकळतं आणि वीज का पडते एवढं तरी ठाऊक असावं. म्हणून आठवड्यातून एकदा त्या सगळ्यांना आमच्या प्रयोगाच्या खोलीत आणून बसवतात. त्यात गणित न्हाई, हिशोब न्हाई. शिकवणारे हाश्मीसाहेब उर्दूत सुरू होतात आणि रंगात आले की दखनीत घसरतात. पोरं मागच्या बाकावर शेर लिहीत बसतात, एक तर रीतसर घोरतो. त्या खोलीत मन लावून ऐकणारा मी एकटाच असेन, आणि माझं नाव हजेरीत न्हाई! साहेबांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं होतं, मान लेना नहीं, देख लेना. मानून घेऊ नका, बघून घ्या. मला वाटलं, हा तर आपल्या अप्पांचा भाऊ शोभतो.

एकदा साहेबांनी छताच्या कडीला दोरी बांधली, तिला दगड लावला आणि झोका दिला. मग पोरांना विचारलं, जड दगड लावला तर झोका लवकर परत येईल का उशिरा? पोरांनी पैजा लावल्या, कुणी सिगरेटीची, कुणी चहाची. मला म्हणाले, शिवरुद्र, तू मोठ्यानं मोज. मी आपला सवयीनं सुरू झालो, लाभ, दोन, तीन, चार. सगळी खोली हसली. साहेबांनी विचारलं, हे लाभ काय? मी म्हणालो, साहेब, आमच्या दुकानात धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत न्हाईत, लाभ म्हणतात. साहेब म्हणाले, मोज, तसंच मोज, दगडाला काय फरक पडतो. आणि अक्का, खरंच फरक पडला न्हाई. हलका दगड असो की जड, झोका तेवढ्याच वेळात परत आला. दोरी आखूड केली तेव्हा मात्र तो भराभर यायला लागला. साहेब म्हणाले, काही शोधायचं असेल तर एकाच वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं होतं तसं ठेवा, मग कशामुळं काय होतं ते कळतं.

माझं ध्यान तिथं कुठलं! मी गेलो होतो मठापाशीच्या लिंबाखाली, पंचमीच्या झोक्यावर. आठवतं का, तुझी पाळी आली की तू उतरायचीच न्हाईस? मी रडायचो, म्हणायचो, अक्कानं जास्त झोके घेतले, आणि तू म्हणायचीस, मी काडीवाणी हलकी, माझा झोका हळू जातो, म्हणून तुला तसं वाटतं. आणि धुरपताकाकू बसली की फांदी करकरायची आणि सगळ्या बाया ओरडायच्या, उतर गं बाई, झाड मोडतं! तर आता ऐक. दोरी तीच होती, म्हणजे काकूचा झोका आणि तुझा झोका सारखाच. तू मला सरळ फसवत होतीस. बुधवारी दुपारी हैद्राबादच्या कालेजात तुझी चोरी पकडली गेली. त्या दिवशी खोलीवर येऊन मी लय हसलो, आणि मग का कोण जाणे, जेवण गेलं न्हाई. तुझी हिरवी परकर-चोळी, पायातले पैंजण, झोका वर गेला की लिंबाचा पाला उडायचा ते, आणि आपली अव्वा दारातून हाक मारायची ते. इथं लिंबाची झाडं आहेत, पण त्यांच्याखाली कुणी कुणाला हाक मारत न्हाई.

आता मूळ गोष्टीकडं येतो. तू कार्डाच्या कडेला, आडव्या ओळीत, बारीक अक्षरात जे लिहिलंस ते मी वाचलं. बाकीचं सगळं तू माझ्यावर रागावून लिहिलंस, ते एक वाक्य मात्र तू मनातून लिहिलंस. 'ज्या हातानं मी सुपारी कातरली त्याच हातानं लेकराला कातरीखाली देऊ का?' अक्का, हे वाचल्यापासून मी कामात दोन काचा फोडल्या.

ती दिव्याची अवस मलाही आठवते. मी तेव्हा गावातच होतो. तू माहेरी आलेली, दिवस गेलेले. सकाळी ऊन मळकं झालं, कोंबड्या गडबडल्या, शेजारच्या सुमनबाई कुडावरून ओरडल्या, पोरीला आत घ्या, अंधारात निजवा, हातात काही धरू देऊ नका! आणि अप्पा गादीवरूनच म्हणाले, बाई, गळ्यात लिंग हाय त्याला सुतक न्हाई आन् ग्रहण बी न्हाई. ते काही त्यांच्या मनचं न्हवतं, आजोबा तसंच सांगायचे, मठातही तसंच शिकवतात. त्यात जंगमस्वामी जेवायला आलेले. त्यांच्या विड्यासाठी तू अडकित्ता घेतलास आणि सुपारी कातरलीस. एवढंच. पौषात नीलू झाली, वरचा ओठ दुभंगलेला. मग ज्या घरात सुतक मानत न्हाईत त्याच घरात तुझ्या सासूबाई म्हणाल्या, गिऱ्हाण लागलं, बाप शहाणा आन् लेक त्याहून शहाणी. तेव्हापासून तू पोरीचं तोंड पदराखाली झाकतेस आणि अप्पांनी तुझ्या जिंतूरची वाट सोडली. बसवंतदाजी एक चकार शब्द बोलले न्हाईत. पण रात्रभर कापसाचा बोळा दुधात भिजवून लेकीच्या तोंडात पिळत बसायचे, हे मला तूच लिहिलं होतंस.

मागच्या आठवड्यातल्या बुधवारी साहेबांनी ग्रहण शिकवायला घेतलं. खिडक्यांना काळी कापडं लावली. टेबलावर गॅसबत्ती ठेवली, तो सूर्य. एका काठीवर भोपळ्याएवढा गोळा, ती पृथ्वी. आणि एक लहान चेंडू माझ्या हातात दिला. म्हणाले, तू चंद्र. मी चेंडू घेऊन हळूहळू बत्ती आणि गोळा यांच्या मधून चाललो, आणि गोळ्यावर एक काळा ठिपका सरकत गेला, बोराएवढा. साहेब म्हणाले, बस, एवढंच ग्रहण आहे. त्या ठिपक्यात जी गावं असतील त्यांना सूर्य दिसत नाही. अक्का, मी त्या ठिपक्याकडं बघत राहिलो. मनात म्हटलं, यात कुठंतरी झरी असेल, आपलं दुकान असेल, आणि तू अडकित्ता घेऊन बसलेली असशील.

एवढ्यात आपल्याच भागातला चंद्रभान म्हणून एक जमीनदाराचा पोरगा आहे, पुढं वकिलीला जायचा, तो उठला. म्हणाला, साहेब, आमच्याकडं ग्रहणात गरवार बाईनं कापाकापी केली की पोराचं तोंड सशावाणी होतं, हे तुमच्या बत्तीत कुठं बसतं? सगळे खदखदून हसले. तो वाईट पोरगा न्हाई, तास संपावा म्हणून बोलला. पण मी चेंडू खाली घेतला, आणि पृथ्वीवरची सावली निघून गेली. साहेब हसले न्हाईत. बत्तीजवळ आले, वाकले, आणि बोटानं आपली मिशी वर केली. जाड मिशी आहे त्यांची. तिच्याखाली ओठापासून नाकापर्यंत एक पांढरी रेघ होती, आखून मारल्यासारखी. मी रोज त्या माणसाला पाण्याचा पेला देतो, मला कधी दिसली न्हवती.

म्हणाले, घ्या, ससा बघून घ्या. आणि मग सांगितलं, की त्यांची अम्मी गरवार असताना ग्रहण आलं तेव्हा तिनं लोक सांगतील ते सगळं पाळलं. अंधाऱ्या खोलीत सरळ पडून राहिली, पाणी प्यायली न्हाई, सुईला शिवली न्हाई, अंगाला खाज सुटली तरी नख लावलं न्हाई. तरी पोरगा असा झाला. शेजारणी म्हणाल्या, नक्कीच कुठं तरी चुकली असशील. ती मरेपर्यंत आठवत राहिली की आपलं काय चुकलं. मग साहेबांनी चंद्रभानला विचारलं, तुमच्या बाईनं कापलं, माझ्या आईनं न्हाई कापलं, लेकरू दोघींचं एकसारखं. मग कापण्याचा संबंध काय राहिला? झोक्याचा दगड बदलला तरी झोका बदलला न्हाई, तेव्हा तुम्ही काय म्हणालात? चंद्रभान खाली बसला. मागचा घोरणाराही जागा झाला होता.

तास संपल्यावर मी काळी कापडं काढायला थांबलो आणि साहेबांना नीलूचं सांगितलं. विचारलं, मग होतं कशानं? ते म्हणाले, पोटात ओठाच्या दोन बाजू एकमेकींकडं येतात आणि जुळतात, कधी कधी जुळायच्या राहून जातात. का राहतात ते डॉक्टरांनाही अजून नीट ठाऊक न्हाई, मी खोटं सांगणार न्हाई. हे मला लय आवडलं. सगळं ठाऊक आहे म्हणणाऱ्याचं मी ऐकलं नसतं. दुसऱ्या दिवशी ते मला नदीकाठच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या सर्जनसाहेबांनी मला ओठाला टाके घातलेली दोन लेकरं दाखवली. एक निजलं होतं. दुसरं, तुला खरं वाटायचं न्हाई, माझ्या टोपीसाठी रडायला लागलं. सर्जनसाहेब म्हणाले, पोरगी बोलायला लागायच्या आत आणा. हाश्मीसाहेबांना पाचव्या वर्षी टाके पडले, तोवर गल्लीनं त्यांना दुसरं नाव ठेवलं होतं.

तर अक्का, हे पत्र तुला पटवायला लिहिलेलं न्हाई. एवढ्या बाता मारल्या त्या तुझ्या हातानं काही झालं न्हाई हे सांगायला, कारण यायचं असेल तर अपराध्यासारखी मान खाली घालून येऊ नकोस. लिहायचं कारण दुसरंच. हेच सगळं मी अप्पांना आधीच लिहिलं, आणि त्यांचं उत्तर काल आलं. एकच ओळ आहे, 'सोमवारी गाडी जुंपून जिंतूरला जातो.' वर्षभरात तुझ्या दारात पाय न ठेवलेला माणूस येतोय, अक्का. सासूबाई काही बोलल्या तर तो ऐकून घेईल, माघारी फिरणार न्हाई. पण तू नको म्हणालीस तर तिथंच मोडेल. दाजींना मी वेगळं कार्ड टाकलंय. ते बोलणार न्हाईत, पण नीलूची कुंची ते स्वतः बांधून देतील बघ. वाटेत झरीला मुक्काम करा, परभणीला गाडीत बसा, काचीगुड्याच्या स्टेशनावर मी उभा असेन. जरा ओठ न मिटता 'मामा' म्हणून बघ. येत न्हाई ना? मला ते तिच्या तोंडून ऐकायचंय, बाकी माझा काही स्वार्थ न्हाई. तिकिटाची काळजी करू नकोस. मुंबईला जाऊन जहाजावर लागायचं म्हणून मी थोडं बाजूला टाकत होतो, ते आता नको. समुद्र कुठं पळून चाललाय? आज दुपारी तुझ्या नावानं मनिऑर्डर केली आहे, हाली सिक्क्याचे बत्तीस रुपये.

तुझाच भाऊ,
शिवरुद्र