साडेपाचची बस

सोमवार, ३ नोव्हें.
आज पुन्हा तेच. सव्वापाचला केबिनमधून हाक. "अविनाश, पाचच मिनिटं." साहेबाची पाच मिनिटं म्हणजे स्वतःच्या कर्तबगारीचं कीर्तन. काचेतून आमची कंपनीची चिखलीची बस गेटबाहेर पडताना दिसली. त्यालाही दिसली. ती वळेपर्यंत बोलला, मग म्हणाला, "हं, सुट आता." मुद्दाम करतो हा माणूस. लिहूनच ठेवतो. मुद्दाम.

वैशालीची दिवाळीपासून नाइट ड्यूटी. साडेसातला ती चिंचवडला हॉस्पिटलात निघते. बस मिळाली तर मी साडेसहाला घरी. आमचा संसार म्हणजे हा एक तास नि दोन कप चहा. आज दाराला कुलूप. माझा कप ओट्यावर, झाकून ठेवलेला. गार.

मंगळवार, ४ नोव्हें.
आधी बस चुकवायची, वर उपकार करायचे. "चल, मी त्याच बाजूला चाललोय." गाडीत त्याचा फोन चालू, पलीकडच्या सप्लायरची आईमाई उद्धारणं. मी शेजारी मान हलवायला.

आमच्या चौकात वै. रिक्षाची वाट बघत उभी. युनिफॉर्मवर तो निळा स्वेटर. म्हटलं, साहेब, इथंच थांबवा, मिसेस आहे. त्यानं ओठांवर बोट ठेवलं. मला. शाळेतल्या पोराला गप्प करतात तसं. पुढच्या सिग्नलला उतरवलं. पळत मागे आलो तर रिक्षा निघून गेलेली.

नंतर तिचा मेसेज. "मजा आहे बुवा, एसी गाडीतून फिरतोस." चेष्टाच केली तिनं. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बुधवार, ५ नोव्हें.
उठलो. भर मीटिंगमधून उठलो!

"साहेब, माझी बस आहे."

"बस महत्त्वाची का कंपनी?"

"आत्ता बस."

सगळे टेबलाकडे बघत बसले. डबासुद्धा तिथंच विसरलो. पण बस मिळाली. स्टोअरच्या मुलाणीभाऊंनी नेहमीसारखी जागा धरली होती. त्यांना सगळं सांगितलं, चहाचंसुद्धा. नको होतं सांगायला.

घरी चहा झाला. वै. म्हणाली, आज स्वारी एवढी खुशीत का? सांगितलं नाही. उगाच घाबरली असती.

गुरुवार, ६ नोव्हें.
सुट्टी. दर गुरुवारी एमआयडीसी बंद, पण वै.ला आज सुट्टी नाही. ती दिवसभर झोपलेली, मी पाय न वाजवता घरात. साहेबाचे फोन येत राहिले. उचलले नाहीत. आता काहीतरी करणार तो, हे नक्की.

शुक्रवार, ७ नोव्हें.
केलंच. बोर्डावर कागद. चिखलीची बस आजपासून साडेसहाला सुटेल. फक्त चिखलीची. राजगुरुनगरची वेळेवर गेली, भोसरीची गेली. आमची सगळी बस गेटाशी उभी. साहेबाला कुणी एक शब्द बोललं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते.

अकाउंट्सच्या जगताप मॅडम म्हणाल्या, "तुमच्या चहापायी आम्ही का ताटकळायचं?"

माझा सगळा राग त्या क्षणी त्यांच्यावर. अहो, कागद मी लावला का? पण हेच हवंय त्याला. तो केबिनमध्ये बसणार आणि आम्ही बाहेर एकमेकांना खाणार.

शनिवार, ८ नोव्हें.
केबिनमध्ये बोलावलं. ओरडला नाही. गोड बोलला, त्याची जास्त किळस आली. "उद्या सकाळच्या मीटिंगला सगळ्यांसमोर म्हण, माझं चुकलं. संध्याकाळी बस साडेपाचला. शब्द माझा."

घरी पोचलो तर वै. दारात चपला घालत होती. उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"म्हणून टाक आणि मोकळा हो," ती म्हणाली. "तुझा ताठा काय चहात बुडवून खाऊ मी?"

तुझ्यासाठीच तर उठलो होतो, हे तोंडाशी आलं. तेवढ्यात रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. तिच्यावरही चिडलो. दिवसभरात मी ज्याच्यावर चिडलो नाही असा एकही माणूस उरला नाही.

रविवार, ९ नोव्हें.
सकाळच्या बसमध्ये कुणी बोलेना. मुलाणीभाऊंनी पिशवी उचलून जागा दिली. मोशी गेल्यावर म्हणाले, "काय ठरलं मग? बोललास तर समद्यांची सोय हुईल, राव." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "न्हाई बोललास तरी जागा धरीनच मी."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडू आलं. तेही रागानंच.

आता जागेवर बसून लिहितोय. मीटिंगला माणसं जमली आहेत. साहेब आला. मला बघून हसला, हाताची पाची बोटं पसरून दाखवली. पाचच मिनिटं.

तोंडात दोन वाक्यं आहेत. एक सगळ्या बसचं, "माझं चुकलं." एक माझं, "माझी बस आहे." वै. आत्ता घरी पोचून झोपली असेल.

माझं नाव घेतलं. उठतो.