तेवीस मूर्तींची यादी

१४ नोव्हेंबर १९९९
दिवाळीची सुट्टी सत्कारणी लागली. महादेवाच्या जुन्या देवळात भिंतीला टेकवून ठेवलेल्या मूर्ती, त्यातल्या तेविसावीचं चित्र आज पुरं झालं. चित्रकलेचा मास्तर म्हणून वीस वर्षं आंबे नि मोर काढले, खरं काम हे. प्रत्येक चित्राखाली काय मोडलंय तेही लिहिलं. मोडतोड कळली तरच पुरातत्त्ववाले हलतील. क्र. १४, आरसा बघणारी: नाक नाही, डावा हात कोपरापासून नाही. देऊळ झाडणारी गयाबाई तिला थोरली म्हणते. रोज पदरानं तोंड पुसते तिचं.

२ डिसेंबर
यादीची एक नक्कल पुरातत्त्व खात्याला टपालानं धाडली. जिल्हा नवा हिंगोली, कागद अजून परभणीत. कुठं पोचेल ते महादेवालाच माहीत.

९ जाने. २०००
उत्तर नाही. दर आठवड्याला तेच लिहायचा कंटाळा आला. यापुढं नुसतं उ.ना.

१६ जाने.
उ.ना. निदान गावानं तरी किंमत ओळखावी म्हणून पारावर सगळी यादी वाचली. मोठ्यानं, एकेक. नाक नाही. हात नाही. दोन तुकडे. लोक इतके गप ऐकत होते, छाती फुगली माझी. सरपंच एवढंच म्हणाले, "म्हंजे गुरुजी, एकबी धड न्हाई?" मी म्हणालो, एकही नाही. वर ऐटीत म्हणालो.

३० जाने.
उ.ना. गावात लाळ-खुरकूत. बैल दगावून राहिले. पारावर कायतरी कुजबुज चालते, मी गेलो की थांबते. उद्यापासून आठ दिवस प्रशिक्षण, कळमनुरीला.

८ फेब्रु.
देऊळ रिकामं. पिंड तेवढी आहे.
खंडित मूर्ती गावात ठेवू नये, त्यानंच जनावरं मरतात, असं ठरलं. सगळ्या बैलगाडीत घालून नदीच्या डोहात सोडल्या. हलगी लावून, हळदकुंकू वाहून, थोरलीला खण-चोळी देऊन. चोरून नाही, दुष्टाव्यानं नाही. तसं असतं तर भांडलो तरी असतो. सरपंच म्हणाले, "आमी कुटं निरखून पाह्यलं व्हतं? तुमी वाचलं म्हणून कळलं." माझ्या वाटणीचा नारळाचा प्रसाद कागदात बांधून ठेवलेला. खाल्ला. काय करणार.

९ फेब्रु.
गयाबाई आली. "नाक न्हाई म्हणून लेकीला कुनी घराभाईर काढते का? लय सांगून पाह्यलं, गुरुजी. मला म्हनले, तुला काय कळते, गुरुजीच्या यादीतच हाय." तिच्यासमोरच रडलो. शाळेत गेलो नाही.

२१ मार्च
उत्तर आलं. मूर्ती जागच्या हलवू नयेत, पाहणीसाठी अधिकारी मे महिन्यात येतील. चांगलं पत्र आहे, साधं, सरळ. तीनदा वाचलं. आपल्याच हातानं घर बुडवलं नि आता पाहुणे येणार.

६ मे
डोह आटत चालला. थोरलीचा आरशाचा हात पाण्याबाहेर आलाय. लोक तिकडून जाताना नमस्कार करतात नि पुढं जातात. सोडलेला देव परत काढत नाहीत, कुणी हात लावणार नाही. सरपंच त्यांच्या जागी बराबर आहेत. मी घोट्याइतक्या पाण्यात गेलो नि परत फिरलो. एवढा शिकलेला मी, मलाही…

११ मे
उद्या साहेब येणार. सांजच्याला गयाबाई ओट्यावर येऊन बसली. "डोह मी दावते सायबाला. पान्यात बी मीच उतरते, पाप लागलं त लागू द्या. तुमी यादी घिऊन या." उठली, चार पावलं गेली नि थांबली.
"मोठ्यानं वाचू नका मातर, गुरुजी."
यादी पिशवीत घातली. काढली. आता टेबलावर पडली आहे.