बोस्टनच्या वाटेवरचं हळदीकुंकू

ती. सौ. ताईस,

सुमीचा साष्टांग नमस्कार. (कागदावरच मानून घे. रविवारपासून मला खाली बसता येत नाही, आणि चुकून बसलेच तर उठवायला दोन माणसं लागतात.) तुझे सांधे काय म्हणतात? भावजींची साखर? त्यांना म्हणावं, संत्राबर्फी ही फळांत धरत नाहीत. आमचे हे मजेत आहेत. मी जिना पाठमोरी उतरते, त्याचं त्यांना इतकं हसू येतं की सकाळचा चहासुद्धा ते खाली जिन्यापाशी उभं राहून घेतात.

तर ताई, मॅरेथॉन झाली! फोन केला असता तर तू आधी "या वयात हे कसलं खूळ?" म्हणाली असतीस, म्हणून पत्र लिहितेय, पत्रात मधे बोलता येत नाही. खूळच आहे. रिटायर झाल्यावर टाउनशिपमधल्या बाकीच्या बायका भजनाला लागल्या, मी पळायला लागले. आधी क्वार्टरपासून दूधकेंद्रापर्यंत, मग शाहपुरा तलावाला फेऱ्या, आणि मग कुठूनसं कळलं की अमेरिकेत बोस्टनला एक शर्यत असते, तिथे उठला सोम्यागोम्या आणि धावला असं चालत नाही. आधी दुसरी एखादी मॅरेथॉन ठरलेल्या वेळेत पळून दाखवावी लागते. जसं वय तशी वेळ, म्हातारीला जरा सूट. झालं! डोक्यात किडा शिरला. ताई, चाळीस वर्षं मी धावतच होते गं, पण ह्यांच्या शिफ्टच्या भोंग्यामागे, पोरांच्या बसमागे, ऑफिसातल्या मस्टरमागे. एकदा स्वतःसाठी धावायचं होतं. त्यात डॉक्टरांनी गुडघ्यांचा फोटो बघून सांगितलं, यंदा पळून घ्या, पुढच्या वर्षीपासून चाला. म्हणजे काय व्हायचं ते परवाच्या रविवारीच.

टाउनशिपच्या मैदानातून सुटायचं, शाहपुऱ्यावरून मिसरोद गाठायचं आणि आल्या वाटेने परत. सुटले ती अशी सुटले म्हणून सांगू! थंडीने नाक गार, पाय गरम, रस्त्यावरची पोरं भोपाळी हेलात ओरडतायत, "को खाँ, आंटीजी तो उड़ रई हैं!" मला तर हसूच फुटत होतं. पळताना हसू नये, दम जातो, पण आवरेचना. असंच राहिलं तर बोस्टन आपलंच, असं म्हणतेय तोच शाहपुऱ्याच्या वळणावर सतरंजी दिसली. सतरंजीपुढे टेबल, टेबलावर गुलाबदाणी, अत्तरदाणी, तिळगूळ, आणि मागे जरीच्या साड्या नेसून आपलं अख्खं महिला मंडळ! मधोमध कमलिनीबाई. (ह्यांच्या जुन्या साहेबांच्या मिसेस. साहेब रिटायर झाले, हेही झाले, पण साहेबीण कधी रिटायर होते का?) मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी पळण्याची सबब सांगून दांडी मारते, तेव्हा यंदा मला पळतानाच गाठायचं असं मंडळाने एकमताने ठरवलेलं.

आता तूच सांग, थांबले नसते तर? चाळीस वर्षं टाउनशिपमध्ये काढून साहेबांच्या बायकोच्या हातचं कुंकू न लावता पुढे जायची कुणाची छाती आहे? थांबले. म्हटलं कुंकू लावतील आणि सोडतील. कुंकू झालं, अत्तर झालं, गुलाबपाणी उडवलं (तेवढं बरं वाटलं), मग ओटी. ओटी कशात घेणार, पदर कुठाय? टी-शर्टचा घोळ पुढे धरला, त्यात तांदूळ, सुपारी आणि हा एवढा नारळ. वाणाचा डबा मंडळातल्या शशिकलाने हातात कोंबला. वर कमलिनीबाई म्हणतात, आता नाव घे! धापा टाकत घेतलं:

शाहपुऱ्याच्या तलावाचं पाणी गारेगार,
मधुकररावांचं नाव घेते, सोडा, उशीर झाला फार!

ऐकू नाही आलं म्हणाल्या. पुन्हा घेतलं.

सुटले एकदाची. तांदूळ मिसरोदपर्यंत वाटभर सांडत गेले, डबा एका पाणीवाल्याच्या टेबलावर ठेवला, पण ओटीचा नारळ रस्त्यात कसा टाकणार गं? आलटून पालटून काखेत मारला आणि पळाले. मिसरोदला एका शिपायाने कपाळभर कुंकू आणि नारळ बघून हात जोडले, म्हणाला, "माताजी, मंदिर तो पीछे छूट गया!" मला पुन्हा हसू. परत येताना मात्र हसू संपलं. गुडघे बोलायला लागले, घड्याळाकडे बघवेना. मैदानात शिरले तेव्हा ढोल वाजत होते, हे टाळ्या वाजवत होते, आणि समोरच्या पाटीवर वेळ लिहून आली. नऊ मिनिटांनी हुकलं, ताई. फक्त नऊ.

तिथेच भुईवर बसले आणि लहान पोरीसारखी भोकाड पसरून रडले. ह्यांनी नारळ कठड्यावर फोडला, पाणी मला पाजलं, आणि खोबऱ्याचा तुकडा हातावर ठेवून हळूच म्हणाले, तू कुठल्या रस्त्याने जाणार ते मीच साहेबांना सांगितलं होतं. त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. जिन्यापाशी हसतात ते त्यामुळे आणखीच लागतं.

घरातल्या सगळ्यांना माझे यथायोग्य आशीर्वाद आणि नमस्कार. गुडघे जप.

तुझी,
सुमी

ता. क. रडून झाल्यावर नियम पुन्हा वाचले. पासष्टीच्या बायकांना ते पंधरा मिनिटं जास्त देतात! आणि ताई, मी पासष्टचीच की गं! कागदावर त्रेसष्ट, कारण शाळेत घालताना अण्णांनी दोन वर्षं कमी लावली, पुढे नोकरीत तेवढीच जास्त मिळतील म्हणून. (मिळाली.) आता पासपोर्टावर खरं वय घालायचं, तर माझा जन्म पाहिलेल्या वडीलधाऱ्या माणसाने शपथेवर सांगावं लागेल, असं शेजारचे गोविंदराव वकील म्हणतात. वय वाढवून मागणारी बाई त्यांनी आजवर पाहिली नाही म्हणे. असं वडीलधारं माणूस आता तूच उरलीस. ये ना भोपाळला.

ता. क. दुसरा. हे पत्र भावजींच्या हाती लागू देऊ नकोस. लग्न ठरवताना अण्णांनी तुझंही वय चार वर्षं कमी सांगितलं होतं, आणि तू अजून तेच धरून चालली आहेस. पण धाकटी पासष्टची झाली की थोरलीला चौसष्टची राहता येणार नाही गं, कोर्टात विचारतील. तेव्हा भावजींची सकाळची गोळी घेऊन झाली की त्यांना खुर्चीत बसव आणि सांगून टाक. मी नऊ मिनिटांसाठी एवढी रडले. बहिणीसाठी तू चार वर्षं म्हातारी हो.