तिसऱ्या फाट्यावरचा बाण

अगं, पळायला गेलेला तुझा दादा अजून परतला नाही. तू बाजारात, तुझा फोन इथे ओट्यावर, म्हणून ही चिठ्ठी. मी स्कूटर घेऊन त्याला शोधायला निघालोय.

आता चिडू नकोस. म्हणजे चिड, पण नंतर. इथला मुलूख त्याला नवा, सगळा सपाट, गावंही एकासारखी एक, म्हणून तो प्रत्येक फाट्यावर खडूने बाण काढून ठेवतो ना? काल संध्याकाळी तिसऱ्या फाट्यावरचा बाण पुसून मी उलटा काढला. म्हटलं, पठ्ठ्या त्याच पाण्याच्या टाकीला तीन फेऱ्या मारेल आणि लालबुंद होऊन घरी येईल. सातला येतो तो, आता नऊ वाजलेत. त्याचा फोन टेबलावरच आहे. साखर एकदम उतरली तर चघळायच्या लिमलेटच्या गोळ्याही तिथेच राहिल्या होत्या, त्या मी खिशात घेतल्यात.

तो आधी घरी आला तर पहिलं साखरपाणी दे, मग बाणाचं सांग. तो मला शिव्या घालायला लागला की अडवू नकोस. मला फोन लाव आणि त्याच्या तोंडाशी धर. त्या ऐकल्याशिवाय मी काही माघारी फिरत नाही.