कोरड्या विटा

रविवार, संध्याकाळ

विहारामागच्या आमच्या बागेतला विटांचा वाफा परवा पुरा झाला. उद्या त्यात माती भरायची अन् मी तो पाडायचं ठरवलं आहे. घरी अजून कोणाले सांगितलं नाई.

आज नुसता पायाचा अंगठा लागला, तं वरची वीट सुटून पडली. उचलून पाहिली. बुडाले मातीचा गारा चिकटलेलाच नाई! आम्ही बायांनी घाईत विटा न भिजवताच रचल्या. गाऱ्याचं सगळं पाणी विटांनीच पिऊन टाकलं. मंग भिंत धरन कशी?

शेजारची शांताबाई म्हणे, "राहू दे न बाई, पालकच तं लावाचा हाय. काऊन डोकं खाऊन राह्यली?"

"काळी माती पाण्यानं फुगली का हे सगळं बाहीर ढकलन," मी म्हटलं. तिले पटलं नाई. बाकीच्यायले तरी कसं पटन?

ती वीट घरी आणून बादलीत टाकली. अजून बुडबुडे सोडून राह्यली. एवढी तहान!

उद्या कोणाशी वाद घालत नाई. पाण्याची बादली वाफ्यापाशी ठेवतो, भिंतीतली एक वीट हातानंच उपसतो, अन् सगळ्यायसमोर पाण्यात सोडतो. पाहू दे त्यायले, पालकाआधी कोण तहानलं आहे ते.