तळ्याकाठची अडीच तासांची वाट

तीर्थरूप आईस,

पाया पडतो. तब्येत ठणठणीत आहे, डोकं मात्र फिरलंय.

तळ्याला वळसा घालून, बागेतून जुन्या किल्ल्यापर्यंत जाणाऱ्या वाटेच्या पाट्या मी रंगवतो. ‘सोपी वाट, पाऊण तास’ असं माझ्याच चालीनं मोजून लिहिलं होतं. म्हाताऱ्या माणसांनी तक्रारी केल्या. साहेब म्हणाले, “त्यांच्या चालीनं पुन्हा मोज.”

म्हणून काल तू सोबत आहेस असं धरून चाललो. बदकांपाशी रेंगाळलो, माळ्याकडे रोपांची चौकशी केली, किल्ल्याच्या पायरीवर बसून गुडघा चोळला. अडीच तास लागले. साहेब हसले. “एवढं हळू कोण चालतं? दीड तास लिही.” असा संताप आला. त्यांनी तुला कधी बाजारात नेलेलं नाही.

दादा लिहितो, तू महिनाभर जिना उतरली नाहीस. हे तू मला का नाही कळवलंस? गोळ्या घेतेस ना, की त्याही डब्यात तशाच आहेत?

पाटीवर मी अडीच तासच रंगवलेत. साहेबांना चालून दाखवायला मला माणूस लागणार आहे. रोज दोन पायऱ्या तरी उतरायला लाग.

तुझा,
धाकटा